मोल्सवर्थ : एका विरळ इंग्रजी आडनावाचं गाव, नकाशा आणि फाटे

जुनी_वही (धागाकर्ता)

'मोल्सवर्थमध्ये बघ' असं आपण इतक्या सहज म्हणतो की मोल्सवर्थ हे कोशाचं नाव नसून माणसाचं आडनाव आहे, हे विसरायला होतं. जेम्स थॉमस मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. कोशातल्या शब्दांवर पुष्कळ लिहून झालंय, म्हणून हा धागा फक्त आडनावापुरता: ते आलं कुठून, पसरलं कसं आणि हे शोधून काढायची रीत काय.

आधी गाव. मोल्सवर्थ हे हंटिंग्डनशायरमधलं छोटं खेडं, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला, नॉर्थम्प्टनशायरच्या सीमेला जवळजवळ चिकटलेलं. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत (इंग्लंडभरच्या जमिनीची राजाने करवलेली नोंद) ते 'मोल्सवर्ड' असं आलंय. शेवटचा 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि आधीचा भाग कुणा 'मूल' नावाच्या माणसाचा. १९७४ पासून हंटिंग्डनशायर हा परगणा (काउंटी) केंब्रिजशायरमध्ये गेला, त्यामुळे आजच्या नकाशात हंटिंग्डनशायर शोधायला गेलात तर ते फक्त जिल्ह्याच्या नावात उरलेलं दिसेल.

गावावरून पडलेलं आडनाव असल्यामुळे तर्क आपल्या 'कर' आडनावांसारखाच लावायचा. गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलं की मग ते नाव चिकटतं. म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकातले पहिले मोल्सवर्थ मोल्सवर्थ गावात शोधू नयेत. घोड्याच्या एक-दोन दिवसांच्या टप्प्यात, म्हणजे पंधरा ते चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात शोधावेत.

माहितगारांना दोन प्रश्न. सगळे मोल्सवर्थ एकाच घराण्याचे मानता येतील का? आणि १८८१ च्या जनगणनेवरून काढलेल्या नकाशावर कितपत विसंबावं?

नकाशेकर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक लोक तिथेच घसरतात.

१८८१ ची जनगणना (३ एप्रिलची रात्र) निवडतात ती सोयीसाठी. तिची संपूर्ण सूची स्वयंसेवकांनी उतरवून ठेवलेली आहे आणि फुकट बघता येते. पण संख्या मोजून परगणे रंगवले की नकाशा फसवतो. लँकेशरची लोकसंख्या तेव्हा साडेचौतीस लाखांच्या घरात होती, हंटिंग्डनशायरची साठ हजारांच्या आसपास. समजा लँकेशरमध्ये ६० माणसं सापडली आणि हंटिंग्डनशायरमध्ये ६. नुसत्या आकड्यांत लँकेशर दहापट. प्रति लाख काढलं तर लँकेशर १.७ आणि हंटिंग्डनशायर १०. चित्र उलटलं. (हे आकडे हिशोब दाखवायला घेतलेत, मोल्सवर्थांची खरी मोजदाद नव्हे.) दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवायचे. संख्येचा नकाशा कारखान्यांनी माणसं कुठे ओढली ते सांगतो, प्रमाणाचा नकाशा मूळ कुठे असावं ते सुचवतो.

विरळ आडनावात आणखी एक गोम आहे. सात मुलं असलेलं एकच कुटुंब एखाद्या लहानशा परगण्यात असलं की तिथे गडद ठिपका उमटतो. म्हणून माणसं मोजू नका, कुटुंबं मोजा. कुटुंबप्रमुख एक, त्याच्या घरात बायको-मुलं किती का असेनात, नोंद एक. एकटेदुकटे नोकर, शिपाई, बोर्डिंगातले विद्यार्थी, जहाजावरचे खलाशी यांना वेगळ्या रंगात टाका, कारण जनगणना माणूस त्या रात्री जिथे झोपला तिथे त्याला मोजते. विधवा स्त्रीचं आडनाव नवऱ्याचं असतं हे ठाऊक असूनही मोजताना विसरलं जातं.

परगण्यापेक्षा बारीक एकक घ्यायचं तर नोंदणी जिल्हा, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यू नोंदवायला पाडलेला विभाग. आणि नेमकं इथे मोल्सवर्थ गावाचं त्रांगडं आहे. गाव हंटिंग्डनशायरमध्ये, पण नोंदणी जिल्हा थ्रॅप्स्टन, आणि थ्रॅप्स्टन हे नॉर्थम्प्टनशायरमध्ये. १८३७ नंतर मोल्सवर्थ गावात जन्मलेलं मूल सरकारी सूचीत थ्रॅप्स्टनखाली सापडेल. जिल्ह्याचं नाव बघून ज्याने त्याला नॉर्थम्प्टनशायरमध्ये टाकलं, त्याने मूळ गावच नकाशावरून पुसलं. शेजारची कीस्टन, बायथॉर्न, ब्रिंग्टन ही गावंही त्याच जिल्ह्यात.

तिरफळ

नकाशेकर, एक जोड देते. १८८१ ऐवजी १८५१ ची जनगणना घ्या आणि त्यातली पन्नाशीच्या पुढची माणसं तेवढी वेगळी काढा. १८५१ पासून जन्माचं पॅरिश (एका चर्चची हद्द) लिहिलेलं असतं. पन्नाशीपुढच्यांची जन्मगावं नकाशावर टाकली की १८०१ च्या आधीचं चित्र हाती येतं, म्हणजे रेल्वे आणि गिरण्यांनी माणसं हलवण्यापूर्वीचं. चर्चची दप्तरं न चाळता इतकं मागे जायला याहून सोपी वाट नाही.

१८४१ च्या जनगणनेतून हे होत नाही. तिथे जन्मस्थळाच्या रकान्यात 'याच परगण्यात का?' एवढ्याचंच हो-नाही आहे, आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवलेलं. ३९ वर्षांचा माणूस ३५ दिसतो, त्यावरून काढलेलं जन्मवर्ष चार वर्षांनी चुकतं आणि मग चर्चच्या नोंदवहीत भलत्याच जॉनचा बाप्तिस्मा गळ्यात पडतो.

खारेदाणे

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: स्पेलिंग एकच असतं का? शोधखिडकीत एकदा नाव टाकलं की झालं असं वाटत होतं.

तिरफळ

@खारेदाणे, तसं झालं असतं तर या धाग्याची गरजच नव्हती. अठराव्या शतकापर्यंत स्पेलिंग पाद्र्याच्या कानावर. एक एल, दोन एल, मधला ई गाळलेला, ओ च्या जागी ओयू किंवा नुसता यू, सगळं सापडतं. बऱ्याच साइटींवर 'सारख्या उच्चाराची नावं' असा पर्याय असतो, त्यामागे बहुधा साउंडेक्स ही जुनी पद्धत असते. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर सोडायचे, बाकी व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे, तीन आकडे झाले की थांबायचं. मोल्सवर्थचा संकेत एम-४२६ येतो: एलचे ४, एसचे २, आरचे ६. दोन एल घातले, ई गाळला, ओ चा यू केला, तरी एम-४२६ च. इथवर छान.

आता मधे एक डी घुसवा. डीचे ३, संकेत झाला एम-४३२. म्हणजे 'मोल्ड्सवर्थ' असं लिहिलेला माणूस सारख्या उच्चाराच्या शोधात येणारच नाही. एस गाळला तर एम-४६३, तोही गेला. हे दोन्ही शोध वेगळे टाकावे लागतात. ताऱ्याचं चिन्ह चालत असेल तिथे एम, तारा, एल, तारा, डब्ल्यू, तारा, आरटीएच अशी ओळ टाका. जाळं मोठं पडतं, हाताने निवडायला लागतं, पण काही सुटत नाही.

सूची उतरवणाऱ्यांच्या चुका निराळ्याच. जुन्या अक्षरातला लांब एस एफसारखा दिसतो, म्हणून 'मोलेफवर्थ' असली नावं सूचीत बसलेली असतात. सुरुवातीचा वळणदार एम काही वेळा डब्ल्यू किंवा एच वाचला जातो, आणि पहिलंच अक्षर चुकलं की साउंडेक्सचा काही उपयोग नाही. अशा वेळी आडनाव रिकामं सोडायचं आणि पॅरिश, वर्ष, बापाचं नाव यावरून शोधायचं.

डीवाला प्रकार मात्र नुसती स्पेलिंगची गंमत समजू नका. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे, टार्विन पॅरिशमधलं. त्या गावावरूनही आडनाव पडू शकतं, आणि लँकेशर तिथून हाकेच्या अंतरावर. लँकेशर-चेशरकडच्या मोल्सवर्थांना डोळे झाकून हंटिंग्डनशायरचे वंशज ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

रावसाहेब_बखर

पहिल्या प्रश्नाकडे येतो. घराण्याचा इतिहास नीट नोंदलेला आहे आणि त्याची साखळी स्पष्ट आहे. पहिल्या एडवर्डच्या काळात वॉल्टर द मोल्सवर्थ हा बेडफर्डशायर-बकिंगहॅमशायरचा शेरिफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी. घराणं पुढे हेल्पस्टनला, म्हणजे मूळ गावापासून सुमारे ३० किलोमीटरवर. धागाकर्त्यांच्या वर्तुळात अगदी चोख बसतं. एलिझाबेथच्या अमदानीत जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलच्या डचीच्या (राजघराण्याच्या जहागिरीच्या) कामावर तिकडे गेला आणि बॉडमिन-वेडब्रिजच्या मधल्या पेनकॅरो इथे घराणं स्थिरावलं. १६८९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला, तो सर हेंडर मोल्सवर्थला. हा जमैकाचा प्रभारी गव्हर्नर होता. त्याला मूल नव्हतं, किताब भावाकडे गेला.

दुसरी शाखा आयर्लंडची. डब्लिनमध्ये १६५६ साली जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कला राजदूत म्हणून गेला, १६९४ मध्ये त्याने डेन्मार्कच्या राज्यव्यवस्थेवर पुस्तक लिहून तिथल्या दरबाराचा रोष ओढवून घेतला आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब) झाला. त्याचा मुलगा रिचर्ड, तिसरा व्हायकाउंट, हा १७०६ च्या रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरोला स्वतःचा घोडा देऊन वाचवणारा. पुढे फील्ड मार्शल.

एकोणिसाव्या शतकात पेनकॅरोचा सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०-१८५५) हा सुधारणावादी खासदार, तत्त्वज्ञ हॉब्जच्या समग्र ग्रंथांचा संपादक आणि शेवटचे काही महिने वसाहतमंत्री. तोही निपुत्रिक, किताब चुलतभावाकडे. लँकेशरमधल्या रॉचडेलचा व्हिकार (पॅरिशचा पाद्री) जॉन एडवर्ड नॅसो मोल्सवर्थ आणि त्याचा मुलगा गिल्फर्ड हे व्हायकाउंटच्या बाजूचे. हा गिल्फर्ड म्हणजे आधी सिलोनच्या आणि मग भारत सरकारच्या रेल्वेचा अभियंता. अभियांत्रिकी सूत्रांची त्याची खिशात मावणारी वही पुढे कित्येक दशकं छापली जात होती.

अवांतर: 'मंकी पझल' या झाडाला ते नाव पेनकॅरोच्या बागेत एका पाहुण्याच्या शेऱ्यावरून पडलं असं सांगतात.

एवढी सलग साखळी असल्यावर मूळ एकच मानायला काय हरकत आहे?

नकाशेकर

रावसाहेब, हरकत आहे, आणि ती तुमच्याच प्रतिसादात आहे. तुम्ही दिलेल्या माणसांत शेरिफ, बॅरोनेट, व्हायकाउंट, मंत्री, व्हिकार, अभियंता. विणकर एकही नाही, शेतमजूर एकही नाही. सरदार घराण्यांच्या छापील वंशावळी किताबाचा वारस ठरवण्यासाठी केलेल्या असतात. धाकट्याच्या धाकट्याची मुलं तिसऱ्या पिढीत 'पुढील वृत्त अज्ञात' होतात आणि पुस्तकाबाहेर पडतात. त्याच गावातून त्याच शतकात बाहेर पडलेला, शेरिफाशी काडीचा संबंध नसलेला एखादा सुतारही 'मोल्सवर्थचा' म्हणून ओळखला गेला असणारच. गावाचं नाव लावायला जमीनदार असावं लागत नाही.

तुमची साखळी खोटी नाही, ती आडनावाचा एक धागा आहे. उरलेले धागे शोधायचे तर किताबवाली माणसं आधी बाजूला काढून ठेवायची. १८८१ ची यादी घ्या, छापील वंशावळीत सापडतात त्यांच्यावर खूण करा, खूण नसलेल्यांचाच नकाशा काढा. रॉचडेलमध्ये हे विशेष पाळा: तिथे व्हिकारचं मोठं कुटुंब आहे आणि चेशरचं मोल्ड्सवर्थही फार लांब नाही. दोन निरनिराळे झरे एकाच ठिपक्यात मिसळण्याची पुरेपूर सोय.

रावसाहेब_बखर

रॉचडेलपुरतं मान्य. पण तुमच्या सुताराचा कागद दाखवा की राव!

लिंबलोण

कागद कुठे मिळू शकतो आणि कुठे मिळणारच नाही, ते सांगते.

मध्ययुगातल्या सामान्य माणसाचं नाव सापडण्याची मुख्य जागा म्हणजे करवसुलीच्या याद्या. १३२७ आणि १३३२ च्या याद्या, नंतर १५२४-२५ ची. हंटिंग्डनशायर आणि नॉर्थम्प्टनशायरसाठी तिथूनच सुरू करावं. पण त्यात चेशर नसतं. तो राजाचा खास अधिकारातला परगणा होता, संसदेने मंजूर केलेला कर तिथे लागू नव्हता. करयाद्यांवरून काढलेल्या चौदाव्या शतकाच्या नकाशात चेशर कोरं दिसतं ते माणसं नव्हती म्हणून नव्हे, याद्या नव्हत्या म्हणून. हा कोरेपणा पाहून 'डीवाल्या गावावरून आडनाव पडलंच नाही' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. चेशरसाठी तिथल्या न्यायालयांची दप्तरं आणि जमिनीचे दस्त बघावे लागतात. १६६२ ते १६८९ मधल्या चूलपट्टीच्या याद्या मात्र चेशरलाही आहेत. त्यात घरातल्या चुलींची संख्या असते, त्यावरून ऐपतही कळते. एक चूल असलेला मोल्सवर्थ सापडला तर तो रावसाहेबांच्या पुस्तकातला नसण्याची शक्यता बरीच.

मग चर्चच्या नोंदवह्या. हुकूम १५३८ चा, पण पुष्कळ गावांत सुरुवातीच्या वह्या गेल्या. १५९८ मध्ये जुन्या कागदी वह्यांची चामड्यावर नक्कल करायचा हुकूम निघाला, तेव्हा बऱ्याच पाद्र्यांनी राणी गादीवर आली त्या १५५८ पासूनच्याच नोंदी उतरवल्या. १६४२ ते १६६० यादवी युद्ध आणि कॉमनवेल्थ (राजाविना राज्यकारभार), त्यात जागोजागी खिंडारं. वही फाटली असेल तर दरवर्षी बिशपकडे पाठवलेली नक्कल बघायची. हंटिंग्डनशायर १८३७ पर्यंत लिंकनच्या बिशपच्या हद्दीत होतं, नंतर ईलीच्या, त्यामुळे ईलीच्या दप्तरात जुनी नक्कल शोधणं व्यर्थ.

तारखांची काळजी घ्या. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. '१० फेब्रुवारी १७२०' अशी नोंद आपल्या हिशोबाने १७२१ ची. दोन्ही साल लिहून ठेवायची सवय लावा, नाहीतर लग्नाआधी मूल किंवा मृत्यूनंतर बाप्तिस्मा असले चमत्कार वंशावळीत होतात. १७५४ पासून लग्नाची नोंद छापील नमुन्यात, वधू-वर आणि साक्षीदारांच्या सह्यांसकट. सही करणारा स्वतःचं आडनाव कसं लिहितो हे तिथे पहिल्यांदा दिसतं. सहीऐवजी फुली असेल तर स्पेलिंग पाद्र्याचं. विरळ आडनावात साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या, भाऊ-काका तिथेच सापडतात.

मृत्युपत्रं १२ जानेवारी १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयात, त्यानंतर सरकारी. दोन हद्दींत मालमत्ता असेल तर प्रकरण वरच्या, बहुतेक वेळा कँटरबरीच्या न्यायालयात जायचं. गरिबाचं मृत्युपत्र नसतं. त्याच्यासाठी पॅरिशचे 'वास्तव्य' ठरवणारे कागद बघा. मदत मागायला आलेला मजूर मुळात कुठल्या पॅरिशचा, याची चौकशी करून त्याला परत पाठवायचे, आणि त्या जबानीत जन्म, नोकऱ्या, लग्न सगळं येतं. नकाशेकरांचा सुतार सापडला तर बहुधा इथेच सापडेल.

जुनी_वही

लिंबलोण, फार उपयोगी. १८३७ नंतरच्या सरकारी सूचीबद्दलही लिहाल का? तिथून सगळ्या नोंदी उतरवून घ्यायचा विचार आहे.

लिंबलोण

सगळ्या उतरवा, विरळ आडनावात ते शक्य असतं आणि करावंच. नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, सूची तिमाहीनुसार आहे. 'मार्च तिमाही' म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये नोंदवलेलं. जन्म डिसेंबरमधला असू शकतो, कारण नोंदवायला सहा आठवड्यांची मुदत होती. खंडाचा क्रमांक जिल्हा ओळखायला कामाला येतो. १८५१ पर्यंत रोमन आकडे, १८५२ पासून आकडा आणि अक्षर. ३ब दिसलं तर हंटिंग्डन-केंब्रिज-नॉर्थम्प्टनची बाजू, ५क मध्ये कॉर्नवॉल येतं, ८ई म्हणजे लँकेशरचा रॉचडेलकडचा भाग. जिल्ह्याचं नाव पुसट असलं तरी खंडावरून पडताळता येतं.

जन्माच्या जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं, लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव १९१२ च्या मार्चपासून. त्याआधीच्या जन्मांसाठी सरकारी नोंदणी कार्यालयाने नव्याने तयार केलेली सूची वापरा, तिच्यात १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव आहे. त्यावरून घरं आपोआप गटांत पडतात: एकाच जिल्ह्यात एकाच माहेरनावाची मुलं म्हणजे बहुधा एकच कुटुंब. दाखले विकत घ्यायची घाई नको. आधी सगळे जन्म, लग्नं, मृत्यू तीन तक्त्यांत भरायचे, जन्माला मृत्यू जुळवायचा, उरतील त्यांचेच दाखले मागवायचे. बालमृत्यू न जुळवता पुढे गेलात तर दोन वर्षांचा होऊन गेलेला विल्यम पुढे लग्न करून ऑस्ट्रेलियाला जातो. लोकांनी टाकलेल्या वंशावळींत असले विल्यम ढिगाने आहेत.

१८७५ पूर्वी जन्म न नोंदवणाऱ्याला दंडाची खरी भीती नव्हती, काही जन्म सुटलेच आहेत. सूचीत नाही म्हणून माणूस नाही असं धरू नका.

खारेदाणे

एवढं जुनं घराणं, एवढी शतकं, मग आडनाव विरळ राहिलंच कसं? वाढायला हवं होतं ना?

नकाशेकर

वाढायला हवं हा आपला भाबडा समज. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे मुलगे नसले की रेघ तुटते. फ्रान्सिस गॉल्टन आणि वॉटसन यांनी १८७४ मध्ये हा प्रश्न गणितात मांडला. साधा नमुना घ्या: दर पुरुषाला सरासरी एक मुलगा, कुणाला शून्य, कुणाला तीन, निव्वळ योगायोगाने. अशा एका पुरुषाची रेघ पहिल्याच पिढीत संपण्याची शक्यता ३७ टक्के, दुसऱ्या पिढीपर्यंत ५३, पाचव्यापर्यंत ७३ आणि दहाव्यापर्यंत ८४ टक्के. वर १३४८-४९ ची प्लेगची साथ. आडनावं नुकती बसत होती तेव्हाच ती आली. पेनकॅरोच्या शाखेत सर हेंडर आणि सर विल्यम दोघेही निपुत्रिक, किताब आडव्या वाटेने गेला. विणकराच्या घरात असं झालं की आडवी वाट नसते, त्या गावातलं आडनावच बुडतं.

श्रीमंतीचा उलटा परिणामही आहे. वारसदारीणीशी लग्न करून तिचं आडनाव लावायचं, किंवा जोडायचं. पेनकॅरोकडे आज मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडनाव आहे. सूचीत असली माणसं एमखाली असतील की एसखाली, ते सांगता येत नाही. दोन्हीकडे बघा.

पारवा

जनुकीय चाचणीने एकमूळ-अनेकमूळ हा वाद मिटत नाही का? पुरुषांचं वाय गुणसूत्र आडनावाच्याच वाटेने जातं.

लिंबलोण

बऱ्याच अंशी मिटतो, पण नीट केलं तर. लेस्टर विद्यापीठातल्या किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास छापला. स्मिथसारख्या आडनावात दोन माणसांचं गुणसूत्र जुळणं योगायोगाइतपतच. अ‍ॅटनबरोसारख्या विरळ, गावावरून पडलेल्या आडनावात बहुतेकांचं एकच मूळ दिसलं. (हो, भानू अथैया यांना ऑस्कर मिळवून देणाऱ्या 'गांधी'च्या दिग्दर्शकाचं आडनाव. तेही नॉटिंगहॅमशायरमधल्या एका गावाचं.) म्हणून रावसाहेबांचा अंदाज अगदीच टाकाऊ नाही. फक्त तो मोल्सवर्थांच्या बाबतीत सिद्ध करायला हवा.

नमुने निवडताना जवळचे चुलतभाऊ घेऊन उपयोग नाही, ते जुळणारच. कागदावर १७५० पर्यंत वेगळ्या राहिलेल्या शाखा निवडायच्या: कॉर्नवॉल, आयर्लंड, पूर्व मिडलंड्स, लँकेशर, प्रत्येकी किमान दोन पुरुष. दोन यासाठी की शाखेत मधे कुठे दत्तक, अनौरस किंवा आईचं आडनाव लावलेला मुलगा आला असेल तर एकट्या माणसाच्या निकालावरून कळत नाही. अशी तूट पिढीला दोन टक्के धरली तरी वीस पिढ्यांनी अखंड रेघेची शक्यता ६७ टक्क्यांवर येते. म्हणजे खऱ्याखुऱ्या एकमूळ आडनावातही दर तिसरा माणूस जुळणार नाही. न जुळण्यावरून 'दुसरं गाव' असा निकाल देऊ नका, जुळण्यावरून मात्र बरंच काही सांगता येतं.

तिरफळ

इंग्लंडबाहेरच्या ठिपक्यांबद्दल राहिलंच. वेलिंग्टनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, न्यूझीलंडमधलं सगळ्यात मोठं शेतफार्म मोल्सवर्थ स्टेशन, १,८०,००० हेक्टरच्या वर. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि टास्मानियात या नावाची ठिकाणं. यावरून तिथे मोल्सवर्थ कुटुंबं वसली असा अर्थ होत नाही. सर विल्यम वसाहतींचा कैवारी म्हणून त्याचं नाव रस्त्यांना लागायचं. डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट मात्र व्हायकाउंटांच्या जमिनीवरचा, तो खरा दुवा.

आयर्लंडच्या १८४७-६४ च्या ग्रिफिथच्या मोजणीत (करासाठी केलेली जमिनी-घरांची आकारणी) हे नाव शोधताना रकाना बघून घ्या. कुळाच्या रकान्यात आहे की जमीनदाराच्या? एकच व्हायकाउंट शंभर ओळींत जमीनदार म्हणून येतो आणि सूचीत शंभर मोल्सवर्थ दिसतात. जमैकात हे आडनाव आढळलं तर वंशज धरण्याआधी १८१७ पासूनच्या गुलामांच्या नोंदवह्या बघा. बाप्तिस्म्याच्या वेळी मालकाचं किंवा मोठ्या माणसाचं आडनाव लावलं जायचं.

जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना तर १९४० नंतरचं जवळजवळ सगळं गाळा. गावाशेजारी विमानतळ झाला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर, १९८० च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्धचा शांतता तळ. हजारो निकाल येतात, माणूस एकही नाही. बाकी 'मोल्सवर्थ' हे पहिल्या किंवा मधल्या नावासारखंही लावतात, आजोळचं आडनाव जपायला. ती माणसं वेगळ्या यादीत ठेवा. मुलींकडून गेलेल्या रेघांचा माग तिथेच लागतो.

पारवा

आणि आपला कोशकार? तो यातल्या कुठल्या शाखेचा, ते कसं पक्कं करायचं?

रावसाहेब_बखर

कंपनीच्या लष्करात भरती होणाऱ्याला वयाचा पुरावा द्यावा लागे, आणि तो बहुतेक वेळा पॅरिशच्या बाप्तिस्म्याचा दाखला असे. हे कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात 'कॅडेट पेपर्स' म्हणून आहेत, मालिका एल/एमआयएल/९. दाखल्यावर पॅरिश आणि आईबापांची नावं. सोबत शिफारस कुणी केली तेही. ते पॅरिश कळलं की लिंबलोण यांनी सांगितलेल्या वाटेने मागे जायचं, छापील वंशावळीवर आधीच विश्वास ठेवायचा नाही. (नकाशेकर, खूश?)

मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या लंडनला पाठवलेल्या प्रती एन/३ मालिकेत. एन/१ बंगालची, एन/२ मद्रासची. पुण्या-मुंबईकडच्या मोल्सवर्थांसाठी एन/३ मागायची. या प्रती वर्षाच्या खंडात उशिरा बसलेल्या असतात, तेव्हा हव्या त्या सालाबरोबर पुढची दोन सालंही बघा. 'कुटुंबं ब्रिटिश भारतातली' या विषयावरच्या फिबिस संस्थेची सूची फुकट आहे, आधी तिथे नाव टाकून खंड आणि पान मिळवा. मोलस्वर्थ, मोल्स्वर्थ, मोल्सवर्थ ही आपली मराठी लेखनं तिथे चालणार नाहीत, पण तिरफळताईंनी दिलेले तिन्ही इंग्रजी संकेत टाका. डीवालाही.

नकाशेकर

खूश. आणि पॅरिश निघालं की इथे टाका, थ्रॅप्स्टन जिल्ह्यात पडतं का ते मी बघून सांगतो.